अर्ध्या ताटावरून

"तुझं तिकीट मागच्या रांगेतलं काढलंय," थिएटरच्या पायऱ्या चढताना शरयू आत्या म्हणाली.

"मागच्या का? तुझ्या शेजारची जागा रिकामी असेल ना?"

"रिकामी कशानं? अख्ख्या वर्षाचं तिकीट आहे. एक जागा माझी, एक रुडीची."

रुडिकाकांना, म्हणजे आत्याच्या जर्मन नवऱ्याला, जाऊन नऊ महिने झाले होते. आत्या थट्टा करतेय की काय म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. पण चेहरा साधा, भाजी आणायला निघाल्यासारखा. अंगावर मरून इरकली, पायात बूट. कोट उतरवल्यावर तिचे दंड दिसले, काटक्यांसारखे. पाच वर्षांपूर्वी मिरजेला आली होती तेव्हा ह्याच बाईनं मला कडेवर घेऊन दाखवीन अशी पैज लावली होती.

मी डेटमोल्डला येऊन दोनच दिवस झाले होते. जर्मनीच्या वरच्या अंगाला असलेलं लहानसं गाव, मधोमध राजवाडा आणि त्याच्या पुढ्यात हे थिएटर. आत्याची शेजारीण फोनवर म्हणाली होती की बाई जेवत नाहीत, जिन्यात चक्कर येऊन पडल्या. त्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फर्मान काढलं, "उल्का, तुला जर्मन येतं. जा आणि माझ्या बहिणीला घेऊन ये." जर्मनच्या दोन परीक्षा मी केवळ हौसेनं दिल्या होत्या, पण आमच्या घरात हौस कधी अंगाशी येईल सांगता येत नाही. परतीची दोघींची तिकिटंही त्यांनीच काढली, एका मंगळवारची. त्या मंगळवारपर्यंत आम्हाला तीन रविवार मिळत होते.

पहिल्याच संध्याकाळी मी विषय काढला, तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "मला नाही येता यायचं. रुडीचं जेवण व्हायचंय." मला वाटलं, वर्षश्राद्धाचं म्हणतेय. म्हटलं, ते काय, मिरजेलाही घालता येईल.

रविवारी सकाळी अकराला वाद्यवृंद होता. दर रविवारी सकाळी गाणंबजावणं आणि मग 'जुनी विहीर' नावाच्या खाणावळीत जेवण, हा त्या नवराबायकोचा तेहेतीस वर्षांचा नेम. मी आत्याच्या मागे, जरा तिरपी बसले. थिएटरच्या खुर्च्या मखमली, आपल्या सिनेमागृहांतल्यासारख्या मिटणाऱ्या. माणूस उठलं की बैठक आपोआप वर जाते. रांगेत अधूनमधून चार-पाच जागा रिकाम्या होत्या आणि त्यांच्या बैठका वर मिटलेल्या होत्या. आत्याच्या शेजारची बैठक तेवढी खाली होती.

बिघडली असेल. बुजुर्ग वादकांनी व्हायोलिनं हनुवटीखाली घेतली, सगळं सभागृह गप्प झालं आणि मी मात्र त्या मखमलीकडे पाहत बसले. मधल्या विश्रांतीत सगळे उठले. आत्या उठली. तिची बैठक मिटली आणि क्षणभरानं शेजारचीही मिटली. तिचा खट् असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"सुंदर वाजवलं ना?" आत्या म्हणाली. मी म्हटलं, फारच सुंदर.

खाणावळीत आमचं टेबल खिडकीशी होतं. तीन माणसांचं मांडलेलं. मालकीण फ्राउ, म्हणजे श्रीमती, ब्रिंकमान चांगली उंचनिंच बाई, हात पुसत स्वतः आली. माझी ओळख झाली, हात हातात घेऊन झाला, मग तिनं रिकाम्या खुर्चीकडे पाहूनही मान लववली. पाठोपाठ हेर, म्हणजे श्रीयुत, टीमान म्हणून एक म्हातारे गृहस्थ आमच्या टेबलापाशी थांबले. तेही थिएटरचे जुने रसिक. "मालत्साइट, फ्राउ लोरेन्त्स," म्हणाले, म्हणजे जेवणवेळेचा रामराम; लोरेन्त्स हे आत्याचं सासरचं आडनाव. आणि मग खुर्चीला, "मालत्साइट, लोरेन्त्स." आपल्या टेबलावर जाऊन त्यांनी सूप मागवलं.

मी आत्याच्या दंडाला हात लावला. "आत्या, हे काय चाललंय?"

"जेवण येऊ दे. मग सांगते."

जेवण आलं. मला आणि तिला अळंब्यांच्या रश्शातले बटाट्याचे गोळे. तिसऱ्या जागेवर हरणाच्या मांसाचा रस्सा, लाल कोबी आणि तसलेच गोळे. आत्यानं नॅपकिन मांडीवर घेतला, खुर्चीकडे पाहून "गुटन आपेटिट" म्हटलं आणि जेवायला सुरुवात केली. जेवता जेवता मला सांगू लागली. फेब्रुवारीतला रविवार, हेच टेबल, हेच जेवण. तिला थंडी वाजत होती. रुडिकाकांनी सुरी आणि काटा ताटात फुलीसारखे आडवेतिडवे ठेवले आणि "तुझी शाल आणतो" म्हणून कोट टांगतात तिथवर गेले. तिथेच कोसळले. शाल हातात होती.

"इथली रीत तुला माहीत नसेल," आत्या म्हणाली. "सुरी-काटा शेजारी शेजारी, नीट जोडून ठेवले की जेवण झालं. ताट उचला. फुली केली की अजून जेवतोय, हात लावू नका."

"मग?"

"मग काय? अर्ध्या ताटावरून उठला गं तो. तीन आठवड्यांनी मी इथे आले. म्हटलं, त्याचं ताट वाढून ठेवावं. आपण नाही का ठेवत? फ्राउ ब्रिंकमाननी आणून ठेवलं. सुरी-काटा बाजूला होते, नॅपकिनमध्ये गुंडाळलेले. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि पुन्हा वळले, तर ताटात फुली."

मी तिसऱ्या जागेकडे पाहिलं. येऊन बसलो तेव्हा तिथे नॅपकिनची गुंडाळी होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. आता नॅपकिन उलगडलेला होता. सुरीवर काटा आडवा पडला होता. रश्शातून वाफ येत होती.

माझं जेवण उरकलं, ताट गार झालं. आत्या अजून एका गोळ्याचे तुकडे करत होती. बाजूची टेबलं रिकामी झाली, हेर टीमान निघून गेले, बाहेर झाडांखाली पाला झाडणाऱ्याचं कामही संपलं. त्या ताटातून वाफ येतच होती. तीन वाजता खाणावळ बंद व्हायच्या वेळी फ्राउ ब्रिंकमान आली, आत्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आजही नाही झालं. पुढच्या रविवारी."

आत्या शाल घ्यायला गेली तेवढ्यात मी त्या बाईला गाठलं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, तुम्ही हे चालवून कसं घेता?

"सुरुवातीला मी ताट उचलायला गेले होते," ती म्हणाली. "उचललं जात नाही. जड नाही हो. पाहुणा जेवत असताना त्याच्या पुढचं ताट ओढावं तसं वाटतं. चाळीस वर्षं खाणावळ चालवतेय मी. असं कधी केलं नाही." मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला हेर लोरेन्त्सची काळजी नाही. ह्यांची आहे. दर रविवारी कमी दिसतात."

बारीक दिसतात असं म्हणायचं असेल, असं मी तेव्हा धरून चालले.

आठवडाभर मी आत्याला खायला घालायचा चंग बांधला. मुगाची खिचडी केली, थालीपीठ लावलं, साजूक तुपाचा वास घरभर केला. ती दोन घास खायची आणि म्हणायची, "एकटीनं घास उतरत नाही गं."

"एकटी कुठे? मी आहे ना समोर."

"आहेस गं बाई." आणि ताट बाजूला.

रात्री तिचे पाय चेपायला बसले तर पाय बर्फ. शेवटी मी अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे रोखठोक माणूस, पंचांगसुद्धा नीट वाचत नसत. मला वाटलं, हसतील. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कावळा शिवला नाही म्हण," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्हीसुद्धा!"

"अगं, तुझ्या आजोबांच्या वेळी मी स्वतः घाटावर उभा होतो. दोन तास पिंडाकडे फिरकेना. शेवटी मी म्हटलं, धाकट्याचं शिक्षण पुरं करीन, तेव्हा शिवला. माणसाचं काहीतरी राहिलेलं असतं. त्याला शब्द द्यावा लागतो. तू दे. पण शरयूला घेऊन ये."

दुसऱ्या रविवारी थिएटरमध्ये एक बाई एकटीच पियानो वाजवत होती. मी मागे बसले होते. वाजवणं ऐन रंगात आलं असताना माझ्या लक्षात आलं की आत्याची बैठक वर येऊ पाहतेय. आत्या तिच्यावर बसलेली होती आणि बैठक हळूहळू मिटत होती, तिच्या अंगाखालून. तिला वजनच उरलं नव्हतं. तिनं हातानं बैठक खाली दाबली आणि पियानो ऐकू लागली. शेजारची बैठक, गडी माणूस बसल्यासारखी, पार खाली टेकलेली होती. मला तिथून ओरडत बाहेर पळावंसं वाटलं.

खाणावळीत आत्या हात धुवायला गेली तशी मी तिसऱ्या खुर्चीकडे तोंड करून बसले. लाज वाटत होती, पण बोलले. मराठीतच. रुडिकाकांना आपलं बोलणं बरंच कळायचं.

"काका, तुमची बाग मी शेजाऱ्यांना सांगून राखून घेते. घर विकू देणार नाही. तुमच्या गाण्यांच्या तबकड्या मिरजेला नेते, एकही फुटू देत नाही. आत्याला आम्ही तळहातावर ठेवू. तिला काही कमी पडणार नाही." काय काय सुचेल ते म्हटलं. फुली होती तशी. मग माझाच संयम संपला. हात पुढे केला आणि सुरी-काटा उचलून जोडून ठेवले. दोन्ही कोमट होते, नुकते कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखे. हात आखडून घेताना माझा पेला कलंडला. मी पाणी टिपलं आणि मान वर केली तर फुली.

"त्याला छळू नकोस गं," मागून आत्याचा आवाज आला. ती येऊन बसली. तेवढ्यात हेर टीमान आले. खुर्चीला "मालत्साइट, लोरेन्त्स" म्हणाले. माझ्याकडे वळले. "मालत्साइट. आज फ्राउ लोरेन्त्स आल्या नाहीत का? प्रकृती बरी आहे ना?"

आत्या त्यांच्यापासून हातभरावर बसलेली होती. हातात काटा होता.

"आहेत की," मी म्हटलं आणि बोट केलं. "ह्या काय."

म्हाताऱ्यानं मी दाखवलं तिकडे पाहिलं, ओशाळं हसला आणि म्हणाला, "हो, हो. त्यांना नमस्कार सांगा हं." आणि गेला.

कमी दिसतात, म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी आत्याचा हात घट्ट धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही. रस्त्यानं तिला सांगितलंही, "आत्या, ते काका तुला घेऊन चाललेत." ती म्हणाली, "छे गं, रुडी तसला नाही. तो आपला जेवतोय. तो जेवतोय तोवर मी उठायची कशी?"

तिसरा रविवार मृतांचा. इथले लोक त्या दिवशी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर पणत्या लावतात, आणि थिएटरात गंभीर गायन असतं. आत्याला जायचं होतंच, पण जिना उतरेतोवर तिला इतकी धाप लागली की गाणं सोडून आम्ही थेट खाणावळीत गेलो. मंगळवारी विमान होतं. ती विमानात बसेल अशी आशा मी सोडली होती. जिवंत राहील का, एवढाच प्रश्न उरला होता.

फ्राउ ब्रिंकमाननी दोन ताटं आणली. एक माझ्यापुढे, एक खुर्चीपुढे.

"आणि आत्याचं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "त्या येणार आहेत?"

"तुम्ही आणा," मी जवळजवळ ओरडलेच. ती मुकाट्यानं आणखी एक ताट घेऊन आली. आत्यापुढे ठेवलं, तिच्या छातीशी हात नेऊन नॅपकिन नीट केला, आणि मला म्हणाली, "ठेवते हं. त्या येईपर्यंत गार होईल पण."

आत्यानं ते ऐकलं. ह्या खेपेला तिनं नीट ऐकलं. "फ्राउ ब्रिंकमान," तिनं हाक मारली. बाई पाठ फिरवून चालू लागली. आत्यानं पुन्हा हाक मारली. मग माझ्याकडे वळली.

"उल्के, मला भीती वाटतेय गं."

मला रडू फुटेल असं झालं. पण रडून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "जेव तू. चार घास जेव आधी."

ती जेवू लागली आणि मी तिचं जेवण बघू लागले. तीन रविवार मी त्या तिसऱ्या ताटाकडे बघत होते. आत्याच्या ताटाकडे आज पहिल्यांदा पाहिलं. गोळ्याचा एक तुकडा करायचा. तो रश्शातून फिरवायचा. सुरी-काटा खाली ठेवायचे, फुली करून. पाण्याचा घोट. पुन्हा सुरी उचलायची, त्याच तुकड्याचे दोन तुकडे करायचे. पुन्हा फुली. पंगतीत वाढपी उभे असताना एखादा म्हातारा रेंगाळत बसतो तशी रेंगाळत होती.

"आत्या, पोट भरलं असेल तर ठेव ना बाजूला."

"मी ठेवलं की रुडी एकटा पडेल. त्याचं चाललंय ना अजून."

"तुमच्यात आधी कोण उठायचं? म्हणजे पूर्वी, घरी?"

आत्या हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसताना पाहिलं मी तिला. "आमच्या लग्नातली गोष्ट तुला कुणी सांगितली नाही? मिरजेला पंगत बसली होती. चांगले साठ-सत्तर लोक, तुझे पणजोबा मधोमध. रुडीला काय ठाऊक! त्याचं झालं आणि हा ताडकन उभा राहिला, सगळ्यांना धन्यवाद द्यायला. झालं! एक जण उठला म्हणजे पंगत उठली. पणजोबांनी हातातली पुरी खाली ठेवली. श्रीखंड तसंच. सगळी म्हातारी माणसं अर्ध्या ताटांवरून उठली. रुडीला मागाहून कळलं तेव्हा बिचारा इतका शरमला! त्या रात्री मला म्हणाला, शरयू, ह्यापुढे तू उठल्याशिवाय मी कधी उठणार नाही. आणि नाही उठला. तेहेतीस वर्षं. मधेच काही आणायला गेला तरी फुली करून जायचा. एकदा मला ताप होता, मी तासभर पेज घेऊन बसले होते, तर हा समोर रिकाम्या ताटात फुली करून..."

ती बोलता बोलता थांबली.

खिडकीबाहेर बर्फ भुरभुरू लागलं होतं. तिसऱ्या ताटातून वाफ येत होती.

"आत्या," मी हळूच म्हटलं. "काकांचं राहिलं नाहीये गं काही. ते तुझ्यासाठी थांबलेत."

"नाही."

"तू त्यांच्यासाठी बसलीस, आणि ते तुझ्यासाठी. दोघंही एकमेकांना सोबत करताय. असे किती रविवार बसाल?"

"तो जेवत असताना मी उठू? अगं, कधी उठले नाही मी. त्याची आई जेवायला असायची तेव्हासुद्धा नाही."

"आज ऊठ."

आत्या आपल्या ताटाकडे बघत राहिली. मग इतक्या लहान आवाजात बोलली की मला वाकावं लागलं. "उल्के, मला कळत नव्हतं असं वाटतं तुला? पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी ठेवलं, की तो जाणार. मग मी ठेवू कशी?"

अण्णांनी द्यायला सांगितलेले सगळे शब्द मी देऊन संपवले होते. मी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला लोकरीच्या स्वेटरपलीकडे जवळजवळ काहीच लागलं नाही.

"थकला असेल गं तो," आत्या खुर्चीकडे बघत म्हणाली. "इतका वेळ टेबलाशी बसायची सवय नाही त्याला. पाठ दुखायची त्याची."

तिनं ताटातला उरलेला गोळा खाल्ला. सगळा. नीट चावून. रस्सा पावानं पुसून घेतला. पाणी प्याली. मग सुरी उचलली, काटा उचलला, आणि दोन्ही शेजारी शेजारी जोडून ठेवले.

"तिकडे बघू नकोस," ती मला म्हणाली. "त्याला संकोच वाटेल."

आम्ही दोघी खिडकीकडे तोंड करून बसलो. तिनं टेबलाच्या कडेवर तळवे टेकले. "उठते हं, रुडी," म्हणाली. एकदा प्रयत्न केला, जमलं नाही. दुसऱ्यांदा उभी राहिली.

आमच्या पाठीमागे चिनीमातीवर सुरीचा आवाज झाला. मग काट्याचा. लाकडी फरशीवर खुर्ची मागे सरकली. दारावरची घंटा वाजली, दार उघडलं, गार वारा आत आला आणि दार बंद झालं.

आम्ही वळून पाहिलं. ताट निपटून रिकामं होतं, सुरी-काटा जोडून ठेवलेले. फ्राउ ब्रिंकमान आली, सवयीनं खुर्चीला म्हणाली, "आवडलं ना?" आणि ताट उचललं. सहज उचललं. मग तिची नजर वर गेली. "अरे देवा, फ्राउ लोरेन्त्स! तुम्ही केव्हा आलात?"

आत्यानं तिला उत्तर दिलं नाही. ती उभ्या उभ्या माझ्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. फेब्रुवारीपासून तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, हे मला शेजारणीनं सांगितलं होतं. आता अख्ख्या खाणावळीत ऐकू जाईल असा हंबरडा फोडला तिनं. आपल्याकडच्या बायका दारात फोडतात तसा. जर्मन माणसं काटे हातात धरून बसून राहिली. मला ती अंगावर जड लागत होती, चांगली जड, आणि मीही रडत होते.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि शाल घेतली. "घरी चल," म्हणाली. "दोघींना डोक्यावरून अंघोळ करायची आहे."

घरी गेल्यावर ती आधी न्हाली, मग मी. ओले केस पाठीवर सोडून तिनं स्वतः मिरजेला फोन लावला. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे पलीकडचंही ऐकू येत होतं.

"दादा," ती म्हणाली, "रुडी गेला."

नऊ महिन्यांपूर्वी ह्याच माणसानं तार वाचून घरात सगळ्यांना सांगितलं होतं.

"कधी?" अण्णांनी विचारलं.

"आत्ता. जेवून गेला."

मग पलीकडे अण्णांनी रिसीव्हर बाजूला धरला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून आला. ते माझ्या आईला सांगत होते, "पाणी तापव गं. शरयूचे यजमान गेले."